नावाचा बैल, क्रमांकाचे यंत्र

गेल्या दिवाळीत माझा मामेभाऊ पुण्याहून आला होता. एका संगणक कंपनीत तो सर्व्हर सांभाळतो. बोलता बोलता म्हणाला, "आमच्यात एक म्हण आहे. सर्व्हर घरच्या लाडक्या कुत्र्यासारखा पाळू नये, कळपातल्या गुरासारखा ठेवावा. नाव द्यायचे नाही, नंबर द्यायचा. बिघडला की काढायचा, दुसरा उभा करायचा." माझे वडील शेजारीच कडबा तोडत होते. त्यांनी एकदा वर पाहिले, बस्स.

मित्रहो, ज्या देवणीच्या नावाने गाईबैलांची जात ओळखली जाते, तिथे हे बोलणे धाडसाचेच! वान्नेरा, बालंक्या, शेवेरा हे या जातीचे तीन प्रकार. तोंड काळे, अंगाच्या खालच्या बाजूला काळे ठिपके, की अंगभर, यावरून ओळखायचे. शिवाय प्रत्येक जनावराला घरचे नाव निराळेच. म्हण पाडणाऱ्याने गोठा पाहिलेला नसावा.

तरीही यंत्रापुरता मी दादाच्या बाजूचा आहे.

दादाने जुन्या संगणकावर मला लिनक्स घालून दिले. त्या एका यजमान यंत्रात चार कंटेनर आहेत. वाड्यात चार बिऱ्हाडे असावीत, प्रत्येकाची चूल वेगळी आणि आड मात्र सामाईक, तसे. तो सामाईक आड म्हणजे लिनक्सचे कर्नेल. २००८ पासून एलएक्ससी या साधनाने अशी बिऱ्हाडे थाटता येतात. ती थाटण्याची कृती लिहून ठेवायला २०१२ साली मायकेल डीहान यांनी ॲन्सिबल काढले. हा शब्द मुळात उर्सुला ले ग्विन या लेखिकेच्या १९६६ च्या कादंबरीतला आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगितलेच पाहिजे.

गंमत व्याकरणात आहे. ॲन्सिबलच्या कृतीत बहुधा आज्ञार्थ नसतो, विध्यर्थ असतो. 'कंटेनर सुरू कर' असे नव्हे, तर 'कंटेनर सुरू असावा' असे लिहायचे. तो सुरू असेल तर ॲन्सिबल हात लावत नाही, नसेल तर सुरू करते. कृती दहादा चालवली तरी कंटेनर एकच राहतो. हे शास्त्र शाखेचे काम, असे आपण का मानावे? नेमके वाक्य लिहिणे हा तर आपलाच अभ्यास!

लिहून न ठेवल्याने काय होते, ते मी सोसले आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला गेलो, तर त्या केंद्रातले यंत्र बंद. ज्याने ते बसवले तो नोकरी सोडून गेलेला, आणि सारी मांडणी त्याच्या डोक्यात. वडिलांच्या मजुरीचे तीन दिवस बुडाले. शेवटी मुदतीच्या आदल्या दिवशी उदगीरला जाऊन अर्ज भरला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या दिवशी पायरी निसटलीच होती. यंत्राला एकाच माणसाचे लाडके करून ठेवले की असे होते. (आतली माहिती मात्र वेगळी जपावी लागते. कृतीच्या कागदातून धान्य परत मिळत नाही.)

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात आमचा बालंक्या बैल विकावा लागला. त्याची कृती कुठे लिहिलेली नव्हती.

परवा मी वडिलांसमोर एक कंटेनर मुद्दाम पुसला आणि कृती पुन्हा चालवली. काही मिनिटांत तो उभा राहिला.

"तेच हाय का दुसरं?" त्यांनी विचारले.

"दुसरंच, अण्णा. पण तसंच."

"बरं," म्हणाले, आणि वैरण टाकायला उठले.