आधी कपडे मोजा, मग भिंत



गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक मुलगा लेझरचं मोजमापाचं यंत्र घेऊन आला. पाच मिनिटांत त्याने पॅसेज मोजला. लांबी 11 फूट, रुंदी साडेचार फूट, उंची 9 फूट. दोन दिवसांनी मोबाइलवर चित्र आलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत मॉड्युलर वॉर्डरोब. पांढरा, चकचकीत, मधोमध आरसा. 99 चौरस फूट, फुटाला 1,400 रुपये, म्हणजे झाले 1,38,600. पाठोपाठ पुण्याहून लेकाचा फोन, "मम्मी, मस्त दिसतंय, करून टाक. पैसे मी पाठवतो."

त्या मुलाने भिंत मोजली. आमचे कपडे किती, हे विचारलं नाही. त्या पॅसेजमधून रात्री कोण चालतं, हेही विचारलं नाही. माझं भांडण आहे ते इथेच. आणि ते त्या पोरापेक्षा आपल्याशी जास्त आहे, कारण असं काम त्याला आपणच सांगतो: "एक इंचही जागा वाया घालवू नका."

आता हिशेब बघा. वॉर्डरोबची खोली 24 इंच, कारण हँगर 17-18 इंचांचा असतो. साडेचार फूट म्हणजे 54 इंच. उरले 30. त्यात 18 इंचांचं दार उघडलं की उरतात 12. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, 84 वर्षांच्या आहेत. रात्री दोनदा उठतात, डाव्या हाताने भिंत धरत धरत बाथरूमला जातात. डॉक्टरांनी वॉकर घ्यायला सांगितलाय, तोच दोन फूट रुंद. म्हणजे दार बंद असताना कसाबसा जाईल, आणि एखादं दार उघडं राहिलं तर अंधारात त्याची कड आईंच्या कपाळाला. आणि ज्या भिंतीचा त्यांना आधार, तिथे तर गुळगुळीत लॅमिनेट! कोणी म्हणेल सरकती दारं करा. करा, पण त्यांना खोली आणखी दोन-तीन इंच जास्त लागते.

एवढ्यावरच मी नाही म्हणाले असते. पण दुसरं कारण जास्त जुनं आहे, आणि ते सांगायला थोडी लाज वाटते.

सहा वर्षांपूर्वी बेडरूममध्ये आम्ही असंच एक कपाट करून घेतलं होतं. पार्टिकल बोर्डचं, बाहेरच्या भिंतीला चिकटवून, खाली स्कर्टिंगची पट्टी मारून पूर्ण बंद. वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, पारा 45 च्या पुढे. मग पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते. बोर्ड फुगला. मागच्या अंधारात झुरळं झाली, तिसऱ्या वर्षी वाळवी लागली. तोवर माझ्या लग्नातला शालू खालून चाळणी झाला होता. शेवटी फवारणीवाला बोलावला. त्याने भिंतीला भोकं पाडून औषध सोडलं. दुसऱ्या दिवशी स्कर्टिंग काढल्यावर मी सुपलीने जे भरलं, ते वर्णन करत नाही. त्या वर्षी क्षमावाणीला मी सगळ्यांना उत्तम क्षमा म्हणत होते आणि डोळ्यांपुढे ती सुपली येत होती.

आपल्याकडे गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. चूल पेटवली, झाडू मारला, त्यात जी होते ती आरंभी. ती गृहस्थाला टळत नाही, म्हणून सवलत आहे. संकल्पीला नाही. बरोबर? मग मला सांगा, ओलीच्या भिंतीला बंद, काळोखी पेटी ठोकायची, आत हवा नाही, मागे हात जात नाही, खाली केरसुणी जात नाही, जीव होणार हे माहीत, फवारावं लागणार हेही माहीत. एकदा अनुभव आल्यावर तेच परत केलं, तर ती आरंभी म्हणायची का? जीवांना घर बांधून द्यायचं आणि मग मारायला माणूस बोलवायचा. मला तरी ती संकल्पीच्या उंबरठ्यावर उभी दिसते. कोणी जास्त शास्त्र वाचलं असेल तर मला दुरुस्त करा.

माझी एक मैत्रीण म्हणते, "अगं, पसारा डोळ्यांसमोर असण्यापेक्षा दाराआड बरा." नाही, मला पटत नाही. डोळ्यांसमोरचा पसारा निदान टोचतो. दाराआड गेला की तो नाहीसाच होतो आणि आपण नवीन आणायला मोकळ्या. परिग्रह-परिमाणात कुप्य वेगळं मोजायला सांगितलंय ते उगीच नाही. कुप्य म्हणजे कापडचोपड. सोनं आपण तोळ्यात मोजतो, जमीन एकरात. साड्या मात्र कोणी विचारल्या तर "असतील पन्नासेक".

मी मोजल्या. 117 निघाल्या. वर्षभरात अंगाला लागलेल्या 23. सहा रेशमी, त्या एकेका साडीत किती कोश उकळले गेले याचा विचार आला की घडी मोडवत नाही, म्हणून नवीन घेणं कधीच सोडलंय. यांचे शर्ट 31, त्यातले ऑफिस सुटल्यापासून न घातलेले 14. (हे म्हणतात, "ते राहू दे." राहू दिले आठ.) आईंची लुगडी आणि साड्या मिळून 11. त्यांचं कपाट म्हणजे अजून माहेरची ट्रंकच आहे.

आणि हे सगळं आपण सेवाग्रामच्या आठ किलोमीटरवर बसून करतो, याचं मला जास्त वाटतं. गांधीजी 1936 मध्ये शेगावला राहायला आले, तेव्हा आदी निवासाला शंभर रुपयांवर खर्च नको अशी त्यांची अट होती. बापू कुटी तर मीराबेननी आधी स्वतःसाठी बांधलेली. माती, बांबू, कवेलू, आणि ठेवायला म्हणाल तर लहान फळ्या. शिवाय आश्रमात साप धरून लांब सोडायचा पिंजरा आणि चिमटा अजून ठेवलेला आहे, तो पाहुण्यांच्या मुलांना जरूर दाखवा. 1978 मध्ये इव्हान इलिच नावाचे विचारवंत इथे आले होते. बापू कुटीत बसल्यावर त्यांना जाणवलेलं त्यांनी भाषणात सांगितलं: आपण ज्याला घर म्हणतो ते पुष्कळदा सामानाच्या सोयीसाठी असतं, माणसाच्या सोयीसाठी नव्हे. माझ्या मोबाइलवरचं ते पांढरं चित्र बघून मला हेच आठवलं. त्या चित्रात माणूस नव्हताच.

मला झोपडीत राहायला जायचं नाहीये, एवढं स्पष्ट करते. कपडे ठेवायला जागा हवीच. पण ती आता अशी ठरली आहे.

कपाट 5 फूट लांब, 7 फूट उंच, खोली फक्त 15 इंच. घडीची साडी त्यात आरामात मावते. शर्टांसाठी आडवी दांडी नाही, समोरून मागे जाणारी, बाहेर ओढायची दांडी, म्हणजे हँगर आपल्याकडे तोंड करून लटकतात. जमिनीपासून सहा इंच पाय, खालून मऊ केरसुणी फिरते. भिंतीपासून दोन इंच सुटं, ठोकायचं नाही. वर लॉफ्ट नाही, कारण लॉफ्टवर गेलेली वस्तू कोणी उतरवत नाही. हिंगणघाटच्या जुन्या घराची सागवानी दारं माळ्यावर पडून होती, फळ्या त्यांच्याच निघतील. पुढे दारं नाहीत, मगन संग्रहालयातून आणलेल्या खादीचा पडदा. धूळ बसेल, मान्य. दर अष्टमीला झटकेन, त्या निमित्ताने आत बघणं होईल. डांबरगोळ्या बंद, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड. पॅसेजला 37 इंच उरतात, वॉकर सरळ जातो.

आणि कपाट भरलं की भरलं. नवीन साडी आली तर जुनी एक जाणार, हा नियम मी यांच्यासमोर आणि आईंसमोर बोलले आहे, म्हणजे मोडता येणार नाही. 40 साड्या बाहेर पडल्यात, काही कामाच्या मावशींनी निवडून घेतल्या, काहींच्या गोधड्या शिवायला दिल्यात.

लेक दोन दिवस फुगून होता. "मम्मी, पैसे मी देत होतो ना!" त्याला म्हटलं, दे, वॉकरचे दे.

सुतारदादा बुधवारी येतात. भिंतीचा जो सहा फूट भाग मोकळा राहिला, तिथे धरायला गोल लाकडी दांडी बसवायची आहे. काल संध्याकाळी आईंना तिथे उभं केलं, हात सहज जातो तिथे पेन्सिलने खूण केली. 32 इंच.