एका शतकाचा धनी

एकशे एकोणीस सामने, सरासरी १८.५९, शतक एकच. टेड ॲलेटसनचे हे आकडे पाहून आजचा कुठलाही निवड समिती सदस्य पान उलटेल. १९०६ ते १९१४ एवढीच त्याची नॉटिंगहॅमशायरकडची कारकीर्द. बाप वेलबेकच्या जहागिरीत गाड्यांची चाकं बनवायचा. पोरगा धिप्पाड, लांब हातांचा. खालच्या क्रमांकावर फलंदाजी आणि सांगितली तर गोलंदाजी. असे व्यावसायिक तेव्हा प्रत्येक कौंटीत होते.

पण २० मे १९११ चा शनिवार पाहा. मैदान होव्हचं, समोर ससेक्स, सामन्याचा शेवटचा दिवस. सात गडी गेले तेव्हा नॉटिंगहॅमशायरकडे जेमतेम नऊ धावांची आघाडी होती आणि ॲलेटसन मैदानात आला. मनगट दुखावलेलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पन्नास मिनिटांत त्याने ४७ केल्या. एव्हाना नऊ गडी गेले होते, आघाडी ८४. हरणं ठरल्यातच जमा. सुट्टीत त्याने कर्णधार जोन्सना विचारलं म्हणे, मी आता कसा खेळलो याने काही फरक पडतो का? ते म्हणाले, नाही.

मग काय विचारता! पुढच्या चाळीस मिनिटांत ॲलेटसनने १४२ धावा कुटल्या. चाळीस मिनिटांत! टिम किलिकच्या एकाच षटकात, दोन नोबॉल धरून, ३४. एकूण १८९, नव्वद मिनिटांत, आठ षटकार आणि तेवीस चौकार. शेवटच्या जोडीची भागी १५२ धावांची, त्यात रायलीच्या दहा. (हा बिचारा रायली १९१७ मध्ये महायुद्धात मारला गेला.) ससेक्सला २३७ धावा हव्या होत्या. त्यांचे आठ गडी २१३ वर बाद झाले आणि सामना कसाबसा अनिर्णित सुटला.

यानंतर ॲलेटसनला कसोटी चाचणीच्या सामन्यात घेतलं, तिथे काही जमलं नाही. १९१३ मध्ये विल्फ्रेड ऱ्होड्ससारख्या गोलंदाजाला त्याने ओळीने तीन षटकार मारले, पण शतक पुन्हा झालं नाही. लोक म्हणतात, गुणवत्ता वाया गेली. मला ते पटत नाही. त्या दुपारी कर्णधाराने त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं होतं. होव्हनंतर तो जिथे जाईल तिथे प्रेक्षक षटकारांची वाट बघत बसलेले. म्हणजे त्याच्या प्रत्येक फटक्याने आता फरक पडायला लागला होता. पोट क्रिकेटवर असलेल्या माणसाला ‘कसाही खेळ’ असं सांगणारा कर्णधार रोज कुठून मिळणार?

त्याचा ३४ धावांच्या षटकाचा विक्रम सत्तावन्न वर्षं टिकला. १९६८ मध्ये तो मोडला गॅरी सोबर्सने, सहा चेंडूंत सहा षटकार मारून, आणि तोही नॉटिंगहॅमशायरकडूनच खेळताना. १९८५ मध्ये वानखेडेवर आपल्या रवी शास्त्रीने बडोद्याच्या तिलक राजला तसेच सहा ठोकले, ते आठवणारे वाचक पुष्कळ असतील. ॲलेटसन मात्र १९६३ मध्येच गेला होता.

जॉन आर्लटने १९५७ मध्ये या एका खेळीवर अख्खं पुस्तक लिहिलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसलं तर सोडू नका.