खिडकीचे पैसे घेता, तर खिडकी दाखवा

मुंबईहून नागपूरला लेकीकडे जाताना मी उजवीकडची, पंखाच्या बरीच पुढची खिडकी मागून घेते. ती लोणारसाठी. नकाशावर मुंबई-नागपूर सरळ रेघ ओढली तर लोणार तिच्या दक्षिणेला, म्हणजे जाताना उजव्या हाताला येतं. त्याआधी पैठणचं जायकवाडीही त्याच बाजूला. हिवाळ्यात सकाळच्या विमानात या बाजूला ऊन डोळ्यांवर येतं, पण ते मी सोसते.

माझी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. बेसॉल्टमधलं उल्काघाती विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, असं दरवर्षी फळ्यावर लिहायचे. वरून पाहिलं तेव्हा त्याचं वेगळेपण खरं समजलं. खाली शेतांचे वेडेवाकडे तुकडे, ओढ्यांनी कातरलेलं पठार, आणि त्यात हा एकच नेमका गोल. काठाला झाडीची गडद किनार, आत हिरवट पाणी. हे शाळेतल्या पोरांना दाखवता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

डावीकडे बसलात तर आभाळ स्वच्छ असताना कळसूबाईची रांग दिसते. सूर्य पाठीशी असल्याने उजेडही चांगला पडतो. सह्याद्री कोकणाच्या बाजूला कसा तुटून पडतो आणि देशाकडे कसा उतरत जातो, हे एका नजरेत कळतं. दिल्लीहून काठमांडू किंवा बागडोग्र्याला जाताना मात्र डावी बाजूच घ्यावी, हिमशिखरं तिकडे असतात. परतताना उजवी.

हे सगळं प्रवाशाने स्वतः शोधायचं. विमान कंपन्या खिडकीचे जादा पैसे घेतात, आणि आसनांच्या नकाशावर 'ए' आणि 'एफ'चे सगळे चौकोन सारखेच दाखवतात. ते सारखे नसतात. मधल्या कितीतरी रांगांतून खाली पंखच दिसतो. पंखाच्या लगेच मागे बसलं तर इंजिनाच्या गरम हवेने खालचा देखावा थरथरतो, फोटो धूसर येतात. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या पुढे डावीकडे एका रांगेत खिडकीच नसते, कारण तिथून वातानुकूलनाची नळी वर जाते. मला एकदा पैसे भरून ती कोरी भिंत मिळाली. हवाईसुंदरीने दिलगिरी व्यक्त केली, पण चूक तिची नव्हतीच. छोट्या एटीआर विमानात पंख वर असतो, त्यामुळे जमीन मोकळी दिसते. हेही तिकीट विकताना कुणी सांगत नाही.

एसटीत खिडकीसाठी रुमाल टाकणारी आपण माणसं. खिडकी म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तिचे वेगळे पैसे घेणाऱ्यांनी कुठल्या रांगेत पंख आड येतो आणि कुठे खिडकीच नाही, एवढं तरी त्या चौकोनावर लिहावं. भिंत मिळालेल्याचे पैसे न मागता परत करावेत. आणि नागपूरच्या विमानात कॅप्टनने उंची आणि तापमान सांगून झालं की, उजवीकडे लोणार दिसतंय, हेही मराठीत सांगावं.