पाकीट फोडायला दात कशाला?

धुळेकर ग्राहकांनो, आणि अवधान एमआयडीसीतल्या उद्योजकांनो,

नंदुरबार-दोंडाईच्याची मिरची झोंबणारच. पण ती घरच्या बाईच्या डोळ्यांत जाते, त्यात मिरचीचा दोष नाही. तिखटाच्या पाकिटाचा काठ चिमटीत धरून ओढा. आधी नुसता चुरगळतो. मग दातात धरावा लागतो, आणि जोर लावला की पाकीट उभं फाटून निम्मं तिखट ओट्यावर. संधिवातानं आखडलेल्या बोटांनी, लकव्यातून वाचलेल्या एका हातानं हे कसं करायचं?

दुकानदार म्हणतात, कात्री घ्या. एका हातानं पाकीट धरून त्याच हातानं कापून दाखवा, मग बोलू.

कारखानदार म्हणतात, सील घट्ट हवं. हवंच! भेसळीच्या दिवसांत सैल सील आम्हालाही नको. पण आम्ही मागतो ती पाकीट फाडायची छोटी खाच पडते सीलच्या पट्टीत. आतल्या मालापर्यंत ती पोचतच नाही. मसाल्याच्या पाकिटाचा बाहेरचा थर बहुधा पॉलिएस्टरचा असतो. तो अखंड असेल तर हटत नाही, जराशी चीर मिळाली की सरसर फाटतो. (दुधाची पिशवी पॉलिथिनची, ती ताणत जाते, तिचं दुखणं वेगळं.) मशीनवर एक छोटं पातं बसवायचं, एवढंच काम. हातसील वापरणाऱ्या बचत गटांनी पट्टीच्या काठाला कात्रीनं चीर दिली तरी भागेल. फक्त ती खाच सोनेरी नक्षीत लपवू नका, शेजारी ठळक बाण छापा.

जपानात दुधाच्या अनेक खोक्यांच्या माथ्यावर अर्धगोल खाच असते. अंध माणसाला हाताला कळतं की हे दूध, आणि उघडायचं खाचेच्या विरुद्ध बाजूनं. सहज उघडणाऱ्या पॅकिंगचं ‘आयएसओ 17480’ हे आंतरराष्ट्रीय मानक 2015 पासून आहे. आपल्याकडे 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 43 सांगतं, सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंच्या निर्मितीला सरकारनं चालना द्यावी. पॅकिंगवर किंमत, वजन, तारीख छापायची सक्ती होते. मग खाचेचीच का नाही?

पाचकंदीलला किराणा घेताना आधी पाकिटाचा काठ बघा. खाच नसेल तर खाच असलेलं मागा. पाकिटावर तक्रारीसाठी फोन नंबर छापणं बंधनकारक आहे, तो फिरवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.