राज्य मिळाले, कुळाचे नाव पुसले

पालकुर्तीची चाकली ऐलम्मा जातीने परटीण. तिने खंडाने घेतलेल्या जमिनीवर विसनूरच्या देशमुखाचा डोळा होता. उभे पीक लुटून नेण्यासाठी त्याने माणसे पाठविली, तेव्हा आंध्र महासभेच्या कार्यकर्त्यांच्या बळावर तिने ते पीक स्वतःच्या घरी नेले. १९४६ ते १९५१ च्या तेलंगण लढ्याचे नाव निघाले की तिचे नाव निघते. ऐलम्मा जमिनीची मालकीण नव्हती, कूळ होती, ही गोष्ट मात्र सोयिस्करपणे विसरली जाते. भारत राष्ट्र समितीच्या सत्तेच्या अखेरच्या वर्षांत तिची जयंती सरकारी इतमामाने साजरी होऊ लागली. पुतळ्यांना हार पडले, भाषणे झाली. त्याच सरकारच्या ‘रयतु बंधू’ योजनेत ऐलम्माला एक रुपयाही मिळाला नसता.

२०१८ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या या योजनेने दर हंगामास एकरी चार हजार आणि पुढे पाच हजार रुपये वाटले. जमिनीला कमाल मर्यादा नव्हती. पैसे कसणाऱ्याला नव्हे, पासबुकावर ज्याचे नाव त्याला. हैदराबादेत बंगला बांधून बसलेला, वर्षानुवर्षे बांधावर न फिरकलेला पन्नास एकरांचा धनी घरबसल्या वर्षाला पाच लाखांचा मानकरी ठरला. आणि त्याचीच जमीन खंडाने करणारा, बियाणे-खतासाठी सावकाराचे उंबरे झिजविणारा शेतकरी सरकारच्या लेखी शेतकरीच नव्हता. शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला पाच लाख रुपये देणारी विमा योजनाही जमीनधारकांपुरतीच होती. कुळाने कर्जापायी जीव दिला तरी त्याच्या विधवेच्या पदरात काही पडण्याची सोय नव्हती. कुळांना योजनेत घ्यावे ही मागणी वारंवार झाली आणि मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांनी ती उघडपणे धुडकावली. एवढ्यावर न थांबता, जमिनीच्या नोंदींची नवी व्यवस्था आणताना पहाणीतला ‘अनुभवदार’ हा रकाना, म्हणजे प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावाची जागाच, काढून टाकण्यात आला. निजामाच्या अमदानीतला दोराही इतक्या स्वच्छ हाताने हे काम करू शकला नसता.

हा अधिकाऱ्यांचा हलगर्जीपणा नव्हे. तेलंगण राष्ट्र समिती २००१ साली स्थापन झाली तेव्हापासून तिने जनतेपुढे एकच शत्रू उभा केला, आणि तो म्हणजे किनारी आंध्रातला भांडवलदार व राजकारणी. पाणी, निधी आणि नोकऱ्या यांत तेलंगणवर अन्याय झाला, हे शंभर टक्के खरे होते. १९५६ च्या सभ्य गृहस्थांच्या कराराची पायमल्ली झाली हेही खरे. परंतु ‘बाहेरचा’ हा एकमेव शत्रू ठरला की घरातला जमीनदार आपोआप भाऊबंद होतो. दोर आणि त्याचा वेठबिगार एकाच झेंड्याखाली ‘तेलंगणवासी’ म्हणून उभे राहतात, आणि विजयानंतर त्यांतला एक गढीवर जातो व दुसरा पुन्हा शेतावर. पहिला मुख्यमंत्री दलित होईल असे वचन होते. २०१४ च्या जूनमध्ये शपथ घेतली ती राव यांनीच. भूमिहीन दलित कुटुंबांना तीन-तीन एकर जमीन देण्याची घोषणा मूठभरांपलीकडे गेली नाही. २०२१ मध्ये हुजूराबादची पोटनिवडणूक आली तेव्हा जमिनीऐवजी रोख दहा लाखांची योजना पुढे आली. जमीन वाटायची म्हटली तर कोणाची तरी काढून घ्यावी लागते!

कामगारांचा अनुभव याहून बोलका आहे. २०११ च्या बेचाळीस दिवसांच्या सार्वत्रिक संपात बसगाड्यांची चाके थांबविणारे, सिंगरेणीच्या खाणी बंद पाडणारे हात कोणाचे होते? त्याच परिवहन महामंडळाचे सुमारे ४८ हजार कामगार ऑक्टोबर २०१९ मध्ये संपावर गेले, तेव्हा आंदोलनातून जन्मलेल्या मुख्यमंत्र्यांनी त्यांनी स्वतःच नोकरी सोडली असे जाहीर केले. संप बावन्न दिवस चालला. काही कामगारांनी आत्महत्या केल्या. अखेर कामगार विनाअट परतले आणि संघटनांना दूर ठेवण्याचा उपदेश ऐकून कामाला लागले. त्याआधी २०१७ मध्ये इंदिरा पार्कजवळचा धरणे चौकही बंद करण्यात आला होता. ज्या चौकाने राज्य मिळवून दिले त्याच चौकाची भीती वाटू लागली, यातच पुढचे सारे आले.

मग पक्षाला पैसा कोण पुरवीत होते? निवडणूक रोख्यांचा तपशील २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघड झाला, तेव्हा एका राज्यापुरत्या या पक्षाच्या नावावर सुमारे १२०० कोटी रुपये निघाले. त्यांपैकी १९५ कोटी मेघा इंजिनिअरिंगचे होते. कालेश्वरम उपसा योजनेतली ही एक प्रमुख कंत्राटदार कंपनी. त्या योजनेचा एकूण खर्च १ लाख ४७ हजार कोटींवर जाऊ शकतो असा महालेखापरीक्षकांचा अंदाज होता. योजनेच्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे खांब २१ ऑक्टोबर २०२३ रोजी खचले. उद्घाटन होऊन पुरती साडेचार वर्षेही झाली नव्हती. या बंधाऱ्याचे दुसरे टोक गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचा तालुक्यात टेकते. तिथल्या शेतकऱ्यांची शेते फुगवट्याखाली गेली आणि मोबदल्यासाठी त्यांना उपोषणे करावी लागली.

आणि हाच पक्ष २०२३ च्या फेब्रुवारीत नांदेडला ‘अब की बार, किसान सरकार’ म्हणत आला! ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने नावातले ‘तेलंगण’ गाळून ‘भारत’ घातले होते. पुढे पंढरपूरपर्यंत शेकडो मोटारींचा ताफा धावला. मराठवाड्यातले काही जुने शेतकरी कार्यकर्तेही या झगमगाटाला भुलले. सिरोंचाच्या बुडालेल्या शेतांची चौकशी त्यांच्यापैकी किती जणांनी केली, हा प्रश्न अजून विचारण्याजोगा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पक्ष ८८ आमदारांवरून ३९ वर आला, २०२४ च्या लोकसभेत एकही जागा मिळाली नाही, आणि महाराष्ट्रातली दुकाने मुकाट्याने बंद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राव यांच्या कन्येलाच पक्षातून निलंबित करण्यात आले. घराण्याच्या पक्षात घरातले भांडण हेच पक्षाचे अधिवेशन असते.

पण या पराभवाने डाव्यांनी खूश होण्याचे कारण नाही. १९७१ मध्ये तेलंगण प्रजा समितीने चौदापैकी दहा जागा जिंकल्या आणि त्याच वर्षी ती काँग्रेसमध्ये विरघळली, हा धडा समोर होता. तरीही २००१ नंतर एक कम्युनिस्ट पक्ष एकसंध भाषिक राज्याच्या तत्त्वाला चिकटून वेगळ्या राज्याला विरोध करीत राहिला, आणि दुसऱ्याने पाठिंबा दिला तो बहुतांशी दुय्यम स्थान पत्करून. विद्यार्थी रस्त्यावर प्राण देत होते तेव्हा जमिनीचा प्रश्न आंदोलनाच्या मागणीपत्रात घुसविण्याची संधी होती. ती घालविली गेली. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी व कम्युनिस्ट निदान अग्रभागी तरी होते. राज्य होताच समिती फुटली, तो भाग वेगळा.

तेलंगणातल्या काँग्रेसने सत्तेवर येण्यापूर्वी कुळांनाही रक्कम देण्याचे वचन दिले होते. जानेवारी २०२५ मध्ये ‘रयतु भरोसा’ या नव्या नावाने पैसे सुटले ते पुन्हा जमीनधारकांच्याच खात्यात. दिल्लीची शेतकरी सन्मान योजनाही २०१९ पासून हाच साचा वापरते, आणि मराठवाड्यात बटईने शेती करणाऱ्याला त्याची झळ रोज बसते. सातबारा एकाचा आणि घाम दुसऱ्याचा अशा शेतांची गावनिहाय यादी अजून कोणत्याही पक्षाने केलेली नाही. पीकपाहणीत कसणाऱ्याचे नाव लावून घेण्याचा आग्रह तलाठ्यापुढे धरणे हे जिल्हा शाखांना आजही करता येण्याजोगे काम आहे, आणि त्यासाठी हैदराबादहून मोटारींचा ताफा येण्याची वाट पाहावी लागत नाही.