टाकीवरचा चालता दिवा

गेल्या महिन्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीविषयी लिहिताना टाकीवर सरकणाऱ्या दिव्याचा उल्लेख आम्ही एका ओळीत उरकला होता. पत्रे आली ती नेमकी त्या ओळीवर. ‘मासे राहू द्या, तो दिवा कसा केला ते सांगा.’ तर या वेळी दिवाच, आणि त्यापायी आमची जी फजिती झाली तीही.

आमची टाकी १२० सेंटिमीटर लांब. त्यात मासे थोडे, प्रवाळ जास्त. (एवढा खर्च करून यात खाण्यासारखा एकही मासा नाही, ही दादींची तक्रार अजून कायम आहे.) प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. उजेड कमी पडला की प्रवाळ उपाशी. फार झाला की शैवाल त्याला सोडून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते.

मामूंनी दोह्याहून आणलेला एलईडी दिवा चांगला होता, पण जेमतेम ४० सेंटिमीटर लांबीचा. एका जागी टांगला की मधली प्रवाळे झळाळत आणि कडेची अंधारात. शिवाय दगडाची सावली जिथे पडे तिथे ती कायमचीच. आणखी दोन दिवे घेणे परवडत नव्हते. थोरला म्हणाला, ‘अब्बा, आहे तोच चालवू या.’ एक दिवा चालवला म्हणून त्याचे तीन होत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. उजेड तेवढाच राहतो, फक्त वाटला जातो. आमच्या मऊ प्रवाळांना तो पुरतो.

टाकीच्या वर ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर प्लास्टिकच्या चाकांची छोटी गाडी आणि गाडीखाली दिवा. गाडी ओढायला दातेरी पट्टा आणि स्टेपर मोटर. ही मोटर २०० पावलांत एक फेरा पुरा करते. पट्ट्याचे दाते २ मिलिमीटर अंतरावर आणि मोटरवरची चकती २० दात्यांची, म्हणजे एका फेऱ्यात गाडी ४० मिलिमीटर सरकते. आम्हांला गाडी ७२ सेंटिमीटर न्यायची होती, म्हणजे १८ फेरे, ३,६०० पावले. मोटरला हुकूम देते आर्डुइनोची पाटी. वेळ सांगायला बटणसेलवर चालणारे घड्याळ, कारण आमच्याकडे रत्नागिरीत पावसात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही.

पहिला प्रोग्राम थोरल्याने मोठ्या हौसेने केला. सकाळी दिवा पूर्वेच्या टोकाला, संध्याकाळी पश्चिमेच्या. दहा तासांत ३,६०० पावले, म्हणजे दर दहा सेकंदांनी एक पाऊल. घरात जो येई तो म्हणे, वा, अगदी सूर्य! आम्हीही खूश होतो. चूक कळायला तीन आठवडे गेले. सूर्य इतका दूर आहे की तो आकाशात सरकतो तेव्हा किरणांचा कोन बदलतो, पण समुद्रतळावरची शेजारची दोन प्रवाळे उजेडात असतात एकाच वेळी. आमचा दिवा पाण्यापासून २५ सेंटिमीटरवर. तो एकेकाच्या घरी जाऊन हजेरी लावत होता. पूर्वेच्या टोकाच्या प्रवाळाचा दिवस दुपारीच संपे. सूर्याची नक्कल डोळ्यांना छान वाटते, पण चार फुटांच्या टाकीत ती खोटी आहे.

मग वेग शंभरपट केला. सेकंदाला दहा पावले, सहा मिनिटांत एक खेप, दिवसभर येजा. प्रवाळे आठवडाभरात फुलली.

आणि मग आम्ही भाचीच्या निकाहला महाडला गेलो, तीन दिवस. मागे वीज जाऊन आली. प्रोग्रामला वाटले गाडी डाव्या टोकाला आहे. ती होती उजवीकडे. गाडी टोकाला धडकली, मोटर रेटत राहिली आणि चकतीचा बारीक स्क्रू ढिला झाला. पुढे मोटर फिरत होती, पट्टा जागचा हलत नव्हता. आलो तेव्हा दिवा दोन दिवस एकाच ठिकाणी जळत होता. त्याच्याखालची मशरूम जातीची प्रवाळे आकसून कडेने पांढरी पडली होती, दुसऱ्या टोकाचे लेदर मिटून बसले होते. धाकटीने विचारले, ‘मेली का?’ आम्हांला उत्तर देता आले नाही.

आता दोन्ही टोकांना स्विच आहेत. वीज आली की गाडी आधी डावा स्विच गाठते, मगच मोजायला लागते. सात मिनिटांत कुठलाच स्विच दाबला गेला नाही तर रिले दिवाच बंद करते. रिले अशी जोडली आहे की पाटी बंद पडली तरी दिवा विझावा. दोन दिवसांचा अंधार प्रवाळे सोसतात, अडकलेला दिवा नाही.

करणारांनी आणखी एक ऐकावे. खारे पाणी, वीज आणि घरात मुले. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय स्विच लावू नका. दिवा गाडीवर असला तरी छताच्या हुकाला दोन स्टीलच्या तारांनी वेगळा बांधा. प्लगची वायर आधी खाली झुलू द्या, मग वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जात नाही. पट्टीवर मीठ साचते. आम्ही दर जुम्म्याला गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसतो. झोॲन्थिड जातीच्या काही प्रवाळांत जबर विष असते, म्हणून टाकीत हात घालताना हातमोजे घाला. आणि मालवणला गेलात तर तिथली दगडी प्रवाळे उचलून आणू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांना वाघाइतकेच संरक्षण दिले आहे.

लेदर आठवड्यात उघडले. मशरूमच्या कडांना रंग यायला दोन महिने लागले, एक मात्र गेलेच. पुढच्या अंकात वीज गेल्यावर पाणी फिरते कसे ठेवायचे ते पाहू.