फुगा दिसतो, धार दिसत नाही

आमच्या छोट्या फुफींना दोन महिने चक्कर येत होती. वर्ध्याला नेऊन एमआरआय केला. चक्करेचे कारण कानात निघाले आणि औषधाने आराम पडला. पण रिपोर्टमध्ये एक जास्तीची ओळ होती: मेंदूच्या एका रक्तवाहिनीवर ४ मिलीमीटरचा एन्युरिझम. घरात लगेच दोन तट पडले. भाईजान म्हणाले, "उद्याच नागपूरला जाऊन ऑपरेशन उरकून टाका." भाभी म्हणाल्या, "ज्याचा त्रासच नाही, त्यासाठी डोकं कशाला उघडायचं?" फुफींनी आम्हाला विचारले, "बेटा, तू मास्तर आहेस ना? वाचून एवढंच सांग, हा फुटणार की नाही?"

आम्ही भाषेचे शिक्षक. रिपोर्ट वाचता आला, उत्तर देता आले नाही.

जून २०२५ मध्ये अभिनेते सलमान खान यांनी कपिल शर्मा यांच्या कार्यक्रमात आपल्याला एन्युरिझम असल्याचे सांगितले, तेव्हा हा शब्द घरोघरी पोहोचला. सायकलच्या ट्यूबला कमजोर जागी फुगा येतो, तसाच हा रक्तवाहिनीचा फुगा. बहुधा तो वाहिनीला फाटा फुटतो तेथे येतो. १०० प्रौढांत साधारण ३ जणांच्या डोक्यात असा फुगा असतो. बहुतेकांचा तो कधीच फुटत नाही. फुटला तर मात्र मेंदूभोवती रक्त पसरते आणि जिवावर बेतते. कवटी उघडून क्लिप लावणे किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार भरणे, हे उपाय आहेत. पण त्यांतही धोका आहेच. म्हणून कोणता फुगा फुटेल हे आधी कळणे महत्त्वाचे.

डॉक्टर फुग्याचा आकार, जागा, रुग्णाचे वय आणि रक्तदाब पाहून अंदाज बांधतात. तरी कधी लहान फुगा फुटतो आणि मोठा वर्षानुवर्षे तसाच राहतो. असे का, याचे काही उत्तर रक्ताच्या प्रवाहात असावे, असे संशोधकांना वाटते. पुलगावकरांना हे समजणे अवघड नाही. पावसाळ्यात आपल्या वर्धा नदीकडे पाहा. वळणावर धार बाहेरच्या काठावर आदळून तो कापते; आतल्या बाजूला पाणी मंद होते आणि गाळ बसतो. फुग्यातही तोंडाशी धार आदळते आणि आत रक्त भोवऱ्यासारखे घुटमळते. धारेचा मारा आणि हे घुटमळणे, दोन्हींमुळे भिंत कमजोर होऊ शकते.

१९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी रक्तात औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे पहिले एक्स-रे चित्र काढले. आजचा अँजिओग्राम त्याचाच वारस. त्यात फुग्याचा आकार उत्तम दिसतो. पण रक्त कोणत्या दिशेने, किती वेगाने जाते आणि हृदयाच्या एका ठोक्यात ते कसे बदलते, हे मोजणारी एमआरआयची पद्धत वेगळी आहे. तिला 'फोर-डी फ्लो' म्हणतात. तिची अडचण अशी की चित्रातला एक ठिपका साधारण १ मिलीमीटरचा असतो. म्हणजे फुफींच्या फुग्यात आडवे चारच ठिपके! त्यात भोवरा कसा दिसावा? शिवाय भिंतीलगतची धार सर्वांत धूसर दिसते, आणि तीच तर पाहायची असते.

यावर तीन वाटांनी काम चालू आहे. पहिली, जास्त ताकदीचे चुंबक: नेहमीची यंत्रे १.५ किंवा ३ टेस्लाची असतात, संशोधनात ७ टेस्लाची वापरतात. दुसरी, फुग्याचा आकार संगणकाला देऊन प्रवाहाचे गणित मांडणे. पण त्यात काही गोष्टी गृहीत धराव्या लागतात. तिसरी, मोजलेला वेग आणि गणित एकत्र आणून धूसर चित्र स्वच्छ करणे. या कामात आता एआयचीही मदत घेतात. मग फुग्याचा पारदर्शक नमुना बनवून, त्यातून द्रव सोडून चित्र ताडून पाहतात. ते आवश्यकच आहे. अक्षर सुंदर म्हणजे उत्तर बरोबर, असे नसते, हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे.

हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. म्हणून नागपूरच्या डॉक्टरसाहेबांनीही "फुटेल" किंवा "फुटणार नाही" असे सांगितले नाही. ते म्हणाले, सध्या ऑपरेशन नको. रक्तदाबाची गोळी रोज घ्या, तंबाखू बंद करा आणि ठरल्या वेळी पुन्हा तपासणी करा. फुफींनी घरी येताच गुडाखूची डबी भाभींच्या हवाली केली.

वाचक भावा-बहिणींनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. आई-वडील, भावंडे, मुले यांपैकी दोघांना एन्युरिझम असेल, तर स्वतःच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी एका क्षणात सुरू झाली, सोबत उलटी, मान आखडणे किंवा बेशुद्धी असली, तर बाम चोळत सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.

फुफींची पुढची तपासणी रमजाननंतर आहे. भाभींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेभोवती लाल गोल काढून ठेवला आहे.